अभिमनरावांचा घसा

धुळ्याच्या घशाच्या डॉक्टरांनी स्पिरिटच्या दिव्यावर एक चिमुकला आरसा गरम केला, तो अभिमन चौधरींच्या घशात घातला आणि जवळजवळ मिनिटभर आत पाहिलं. मग आरसा बाहेर काढून विचारलं, "काय करता आपण?"

"डाळमिलमध्ये फोरमन," असं अभिमनरावांना म्हणायचं होतं. पण घशातून आली ती नुसती हवा. त्यामुळे उत्तर इंदुमतीला द्यावं लागलं.

"डाळमिलमध्ये फोरमन आहेत. आणि गातात."

"काय गातात? भजन?"

अभिमनरावांच्या चेहऱ्यावर अशी कळा आली, की डॉक्टरांना वाटलं, आरसा अजून गरमच होता.

"पंक रॉक," इंदुमती म्हणाली. ती जळगावला शाळेत विज्ञान शिकवत असे, आणि विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यावं, कमी नाही आणि जास्तही नाही, अशी तिची सवय होती. "अठरा वर्षांपासून."

ही अठरा वर्षं समजून घ्यायची तर एवढं पुरे, की १९७८ साली मिलच्या मालकांनी अभिमनरावांना नव्या यंत्रांचं काम शिकायला सहा महिने मुंबईला धाडलं होतं. तिथं खोलीत एक बोटीवरचा खलाशी राहत असे. येताना अभिमनरावांनी यंत्रांचं काम आणलं आणि खलाशाची एक कॅसेटही. डाळमिलमध्ये यंत्रांच्या आवाजावर आवाज काढून बोलायची सवय होतीच. त्या कॅसेटमधली माणसंही तसंच बोलत होती. अभिमनरावांना वाटलं, जगात आपल्यासारखी माणसं आहेत. त्यांनी मोटारी रिवाइंड करणारा मगन गिटारवर घेतला, लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवणारा नजीर ताशा-ड्रमवर घेतला आणि 'ठिणगी' नावाचा संच काढला. पंक म्हणजे काय, असं कोणी विचारलं की ते सांगत, "तीन सूर, दोन मिनिटं आणि एक तक्रार." तक्रारींची जळगावच्या मेहरूण भागात कधी वाण पडली नाही. 'नळाला हवा', 'साहेब जेवायला गेले', आणि सगळ्यात गाजलेलं 'बुवा, खाली उतर' अशी एकशे चाळीस गाणी तयार झाली. गाजलेलं म्हणजे त्या गाण्याला टोमॅटो सर्वांत जास्त पडत.

सुरुवातीला अभिमनराव जवस उकळून, त्याचा चीक लावून केस उभे करत. आता केस फक्त कानांच्या वर उरले होते, पण पोळ्याच्या आधीच्या रविवारी मेहरूण तलावाच्या काठी वार्षिक कार्यक्रम असला, की आहेत तेवढे उभे केले जात. इंदुमती दरवर्षी पहिल्या रांगेत बसे. तिच्या पर्समध्ये कापसाचे दोन बोळे असत. नवऱ्याच्या पाठीशी उभं राहणं हे कर्तव्य, आणि कानाचा पडदा जपणं हे आरोग्यशास्त्र, या दोन्हींत तिला कधी विरोध दिसला नाही.

"स्वरतंतूंवर तांदळाच्या कणीएवढ्या दोन गाठी आहेत," डॉक्टर म्हणाले. "एकवीस दिवस एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं उलट ताण जास्त पडतो. तिखट बंद, तेलकट बंद. दिवसातून तीनदा वाफ. बाविसाव्या दिवशी बघू. गाठी नाही गेल्या तर शस्त्रक्रिया, आणि मग गाणं विसरायचं."

बाविसावा दिवस म्हणजे वार्षिक कार्यक्रमाचा रविवार. इंदुमतीने तारखा मोजून डॉक्टरांना आदल्या दिवशी, शनिवारी, तपासायला राजी केलं. परतीची एसटी पारोळ्याला थांबली. तिथं अभिमनरावांनी तिच्या पर्समधला तपासलेला पेपर काढला आणि कोऱ्या पाठीवर लिहिलं, 'घशाचं कोणालाही सांगायचं नाही. भजनीबुवांचे घसे बसतात.'

यात त्यांचं मोठेपण होतं की लहानपण, हे इंदुमती ठरवत बसली नाही. तिने हो म्हटलं. पुढचं सगळं त्या एका 'हो'मुळे झालं.

बोलू न शकणारा फोरमन मिलच्या काय कामाचा, म्हणून मालकांनी तीन आठवड्यांची रजा दिली. अभिमनराव ओट्यावर खाट टाकून बसू लागले. हातात इंदुमतीने शाळेतून आणलेली पाटी. गळ्याला पांढरा मफलर, कारण गळा उघडा नको. दाढी वाढलेली, कारण त्यांना करमत नव्हतं. जेवणात वरणभात आणि दूध. ठेचा नाही, भरीत नाही, कांद्याची पात नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ डोक्यावरून पांढरं पांघरूण घेऊन ते वाफेच्या पातेल्यावर वाकत, आणि पांघरुणाच्या कडांतून वाफ हळूहळू गल्लीत येई. इंदुमतीने स्वयंपाकघरात एकवीस चौकोनांचा तक्ता लावला आणि रोज एक चौकोन भरू लागली. प्रयोग म्हणून सगळं शास्त्रशुद्ध होतं. फक्त महिना श्रावणाचा होता, हे तिने लक्षात घेतलं नव्हतं.

समोर राहणाऱ्या वच्छलाबाई मूळच्या शिरपूरकडच्या. त्यांनी चार दिवस पाहिलं. श्रावणात माणूस बोलत नाही, तिखट खात नाही, दाढी करत नाही, तीन वेळा धुरात बसतो. अठरा वर्षं गल्लीचे कान किटवणारा माणूस एकाएकी गप्प होतो. याचा अर्थ एकच होता, आणि तो लावायला वच्छलाबाईंना कोणाची मदत लागली नाही.

"बाई," त्या इंदुमतीला नळावर हळूच म्हणाल्या, "साहेबस्नं कितला दिवसनं शे?"

"एकवीस," इंदुमती म्हणाली.

विचारलेल्याचं नेमकं उत्तर. वच्छलाबाईंनी तिथंच, हंडा खाली ठेवून, ओट्याच्या दिशेने हात जोडले.

त्याच आठवड्यात वच्छलाबाईंच्या गळ्यातल्या पोतीतली सोन्याची पुतळी हरवली. जळगावची बाई नवरा हरवला तर आधी चौकशी करील, सोनं हरवलं तर आधी रडेल. रडत रडत त्या ओट्यापाशी आल्या. अभिमनरावांचं लक्ष नव्हतं. त्यांना नवीन गाणं सुचत होतं. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'नळाखाली बघ, काय आहे तुझं?' आणि दुसऱ्या ओळीला यमक शोधत आभाळाकडे पाहिलं.

वच्छलाबाईंनी पाटी वाचली, आभाळाकडे पाहिलं आणि नळाकडे धावल्या. दहा मिनिटांत त्यांची आरोळी गल्लीभर गेली.

"सापडनी वं माय! नळखालेच सापडनी! मी काहीच सांगं नव्हतं, आनि बाबानी लिखी देलं!"

पुतळी नळाखाली सापडणार नाही तर कुठं सापडणार? पहाटे पाण्यासाठी एकमेकींचे गळे धरून भांडण होतं ते तिथंच. इंदुमतीने हे तर्कशुद्धपणे समजावलंही. वच्छलाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही शिकेल शेत ना बाई, तुम्हाले नही समजाव."

पहिल्या गुरुवारी सात नारळ आले. दुसऱ्या गुरुवारी एक्केचाळीस. भडगावहून एक कुटुंब बैलगाडी करून आलं. मुलाला परीक्षेत पास करा म्हणून. अभिमनरावांनी पाटीवर रागाने लिहिलं, 'अभ्यास कर.' मुलाचा बाप गहिवरला. असं स्पष्ट सांगणारा महाराज त्याने जन्मात पाहिला नव्हता.

अभिमनरावांच्या मनाचं काय झालं असेल, ते ज्याने आयुष्यभर 'बुवा, खाली उतर' म्हणून टोमॅटो खाल्ले त्यालाच कळेल. ते पाटीवर ठळक अक्षरांत लिहीत, 'मी नास्तिक आहे.' लोक एकमेकांना दाखवत. 'हे सगळं थोतांड आहे.' त्यावर तर एका म्हातारीने पाटीलाच हळदीकुंकू लावलं. शेवटी ते घरात जाऊन बसले. मग एकांतवास सुरू झाला, असं गल्लीने एकमेकांना सांगितलं, आणि गर्दी दुप्पट झाली.

"घशाचं सांगून टाकू का?" इंदुमतीने विचारलं.

त्यांनी जोरात मान हलवली. आता तर प्रश्नच नव्हता. भोंदू ठरलो तर ठरलो, पण आजारी गवई ठरणार नाही.

संध्याकाळी नजीर आणि मगन तालमीच्या वेळी येत आणि वाद्यं न काढता नुसते बसत. नजीरने कोपऱ्यातला ढीग पाहिला.

"भाभी, अठारा साल में इतने टमाटर नहीं आए, जितने नारियल पंधरा दिन में आ गए," तो म्हणाला. "मेहरबानी समझो कि हाथ में दे रहे हैं. फेकते तो मैं ड्रम के पीछे भी नहीं बचता."

मगनने दोन नारळ उचलून पिशवीत घातले. "गाणं काय करायचं मग? रविवारी?"

अभिमनरावांनी पाटीवर लिहिलं, 'होणार.' मग पुसलं. मग पुन्हा लिहिलं. इंदुमतीने ते पाहिलं. अठरा वर्षं ती मनातल्या मनात या गाण्यापासून सुटका मागत होती. आता सुटका दारात उभी होती, आणि तिला आत घ्यावं की नाही हे इंदुमतीला कळेना.

लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी दोघं कचेरीत गेली. दरवर्षी इथं अर्धा दिवस जाई. अर्जात 'कार्यक्रमाचा प्रकार' असा रकाना होता आणि त्यात धार्मिक, सांस्कृतिक, राजकीय, वैवाहिक असे चारच पर्याय होते. पंक यांपैकी कशात बसतो यावर एकदा दोन कारकुनांचं भांडण होऊन तिसरा चहाला निघून गेला होता. यंदा कारकून नवा होता.

"अर्जदारानं स्वतः तोंडी सांगावं लागतं, की अर्ज माझाच आहे," तो मान वर न करता म्हणाला.

अभिमनरावांनी पाटी पुढे केली, 'अर्ज माझाच आहे.'

"पाटी चालत नाही. पाटी पुसली जाते. फाईलला काय लावू मी?" आणि मग त्याने मान वर केली. दाढी पाहिली. मफलर पाहिला. खुर्ची मागे सरकवून तो उभाच राहिला. "महाराज! माझी आई गुरुवारी येऊन गेली तुमच्याकडे. गुडघा धरला होता, आता जिना चढते."

"सांस्कृतिक," इंदुमती घाईने म्हणाली. "प्रकार सांस्कृतिक लिहा."

"असं कसं मॅडम?" कारकुनाने शिक्का मारला होता. धार्मिक. वर त्याने स्वतःच्या सुवाच्य अक्षरात कार्यक्रमाचं नाव लिहिलं होतं, 'मौनसमाप्ती सोहळा.' एवढी झटपट परवानगी त्या कचेरीतून कधी कोणाला मिळाली नसेल. अभिमनराव पायऱ्या उतरताना एकदा थांबले, वळले, आणि आत परत जाऊन काहीतरी खूप मोठ्याने बोलावं, असा चेहरा करून पुन्हा वळले.

परवानगीची बातमी गल्लीत त्यांच्या आधी पोचली होती. निवृत्त नाकेदार मोतीलाल आबांनी उत्सव समिती स्थापून स्वतःला अध्यक्ष नेमलं होतं. आबांनी गेल्या अठरा वर्षांत 'ठिणगी'च्या विरोधात नऊ अर्ज केले होते. आता त्यांनी केळीचे खांब, भाताचा प्रसाद आणि आरंभी भजनी मंडळ ठरवलं होतं.

"आबा, ते गाणार आहेत. त्यांचंच गाणं," इंदुमती म्हणाली.

"गाऊ द्या ना! एकवीस दिवसांचं तप आहे घशात. आता जे निघेल ते अमृतच."

शनिवारी धुळ्याला डॉक्टरांनी आरसा गरम केला, आत पाहिलं आणि म्हणाले, "छान. गाठी जवळजवळ गेल्या. म्हणा बघू, ई."

अभिमनरावांनी डोळे मिटले. तीन आठवड्यांचा दम गोळा केला आणि म्हणाले, "ई."

निघालेला सूर बारीक, स्वच्छ आणि गोड होता. इतका गोड, की बाहेरच्या बाकावरचा एक रोगी आत डोकावला.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "भजन शिका तुम्ही."

परतीच्या एसटीत अभिमनरावांना बोलायची परवानगी होती. तरी पारोळ्याला त्यांनी पाटीच काढली आणि एकच शब्द लिहिला, 'संपलं.'

इंदुमतीने पाटी हातात घेतली. शिक्षिका म्हणून चुकीच्या उत्तरावर काट मारायची तिला सवय होती. पण हे उत्तर चूक आहे, असं म्हणायला तिच्याकडे पुरावा नव्हता. तिने पाटी पुसली आणि पर्समध्ये ठेवून दिली. खिडकीतून कपाशी मागे जात होती. तिच्या मनात आलं, उद्यापासून घरात एक गोड आवाजाचा, भला, शांत माणूस राहील. आणि तिला एकदम परक्या घरात आल्यासारखं वाटलं.

रविवारी चार वाजता तलावाच्या काठी माणसं मावेनात. इंदुमतीने एका चौरस मीटरमध्ये किती माणसं ते मोजलं, मैदानाच्या मापाने गुणलं आणि बाराशे असा आकडा काढला. आजवरचा उच्चांक एकोणसत्तर होता, तोही पावसात शेजारच्या मांडवातलं वऱ्हाड आत शिरलं म्हणून. पहिल्या रांगेत तिच्याशेजारी वच्छलाबाई नऊवारी नेसून, पुतळी घालून बसल्या होत्या.

अभिमनराव मंचावर आले. कानांवरचे केस जवसाच्या चिकाने उभे केले होते. लोकांनी ती जटा समजली. गळ्यात एकामागून एक हार पडू लागले, नाकापर्यंत आले. भजनी मंडळ आटोपलं. नजीरने काड्या हातात घेतल्या, मगनने गिटारची तार छेडली. अभिमनरावांनी माइक धरला आणि तोंड उघडलं.

"नळाला हवा..."

तोच सूर आला. बारीक आणि गोड. तलावावरून एक झुळूक आली आणि बाराशे माणसांनी एकदम हात जोडले. 'नळाला हवा, हंड्याला गंज' या ओळीवर एका म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. देहाचा हंडा, तो म्हणाला, देहाचा. नजीरच्या काड्या हवेतच राहिल्या. अभिमनरावांनी इंदुमतीकडे पाहिलं. असं त्यांनी अठरा वर्षांत मंचावरून कधी पाहिलं नव्हतं. वर्गात उत्तर न आलेलं पोर पाहतं, तसं.

इंदुमती जागेवरून अर्धी उठली.

तेवढ्यात मोतीलाल आबा मंचावर चढले आणि त्यांनी अभिमनरावांच्या हातून माइक अलगद काढून घेतला.

"भाविकहो! महाराजांच्या मुखातून अमृत बाहेर पडलेलं आहे. समितीनं असं ठरवलं आहे, की महाराज याच जागी दर गुरुवारी दरबार भरवतील. त्यांचं जुनं, ते आरडाओरड्याचं आयुष्य आजपासून संपलं. ते त्यांचं अज्ञान होतं. गल्लीनं त्यांना माफ केलं आहे!"

टाळ्या पडल्या. अभिमनराव हारांच्या आत लाल होत गेले. आधी मान, मग कान, मग डोकं. इंदुमतीने शास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं, की बंद भांड्यातल्या वाफेचा दाब वाढत जातो आणि एका क्षणी झाकण उडतं. एकवीस दिवस, दिवसातून तीनदा वाफ.

त्यांनी माइक हिसकावून घेतला.

"बुवा!"

तो आवाज गोड नव्हता. डाळमिलच्या जात्यात हरभऱ्याबरोबर खडा गेला की जो आवाज होतो, त्याच्या दसपट तो होता. तलावावरचे सगळे बगळे एकदम उठले.

"बुवा! खाली! उतर!"

नजीरच्या काड्या ड्रमवर तुटून पडल्या. मगनची गिटार कोकलली. अभिमनरावांनी एक हार तोडून फेकला, दुसरा तोडून फेकला, आणि आबांकडे बोट दाखवून पुढचं कडवं सुरू केलं. आबा खरोखरच खाली उतरले, आणि पायऱ्या शोधायला थांबले नाहीत. पुढच्या दोन मिनिटांत मैदानाचा अर्धा भाग रिकामा झाला. लोक आपापले नारळ परत घेऊन चालले होते. भडगावचं कुटुंब मात्र बसून होतं. 'स्पष्ट सांगतो' असं तो बाप शेजाऱ्याला कौतुकाने सांगत होता. गुडघा बरा झालेली कारकुनाची आई इतक्या झपाट्याने निघाली, की गुडघा खरंच बरा झाला होता हे सिद्ध झालं.

गाणं संपलं. अभिमनराव घामाने निथळत होते, दम लागला होता, आणि त्यांनी माइकमध्ये एकच शब्द उच्चारला. तीन आठवड्यांतला पहिला साधा, रोजचा शब्द. भसाडा, खरखरीत, जसाच्या तसा.

"पाणी!"

इंदुमतीच्या छातीतून इतका मोठा निःश्वास बाहेर पडला, की ती स्वतःच दचकली. घरच्या तक्त्यात एकविसाव्या चौकोनाखाली काय लिहायचं ते तिने तिथंच ठरवलं, 'आवाज पूर्ववत.' ती उठली, तिने तांब्या मंचावर नेऊन दिला. त्यांनी तो तोंडाला लावण्याआधी तिच्याकडे पाहून विचारलं, "कसं झालं?"

"दुसऱ्या कडव्यात ताल चुकला," ती म्हणाली. नेमकं उत्तर. अभिमनराव इतके खुश होऊन हसले, की पाणी मफलरवर सांडलं.

ती जागेवर येऊन बसली. मागे कोणीतरी पहिला टोमॅटो फेकला. तो नजीरच्या झांजेवर बसला, आणि नजीरने लांबूनच सलाम केला. वच्छलाबाई अजून तिथंच होत्या. त्या पदराने घाम पुसत होत्या.

"आते बरं वाटनं वं माय," त्या म्हणाल्या. "इतला दिन गल्ली कशी सुनी सुनी लागे. पन तुमना नवराना आवाज... देवबा!"

मंचावर अभिमनरावांनी ओरडून पुढच्या गाण्याचं नाव सांगितलं. सवयीने इंदुमतीचा हात पर्समध्ये गेला आणि कापसाचे बोळे बोटांना लागले. तिने ते बाहेर काढले. थोडा वेळ हातात धरून बसली.

"काय शे ते?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"कापूस."

"तुम्हाले नको?"

"आज नको," इंदुमती म्हणाली.

"मग द्या बरं माले."

इंदुमतीने दोन्ही बोळे त्यांना देऊन टाकले.